आठ महिने कानात गाणी घालून अभ्यास केला, त्याचा हिशेब

आमच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत डोक्यावरचा पंखा कुरकुरतो आणि मागच्या खुर्चीवरचा मुलगा पुटपुटत वाचतो. त्यावर उपाय म्हणून एका म्युझिक ॲपचे पैसे भरले. एमपीएससीची तयारी चालू आहे, रोज सात-आठ तास बैठक, त्यातले निम्मे तास कानात इयरफोन.

पैसे भरायचं खरं कारण जाहिराती. फुकटात ऐकत होते तेव्हा काळ-कामाच्या गणितात ‘अ आणि ब मिळून बारा दिवसांत’ इथवर पोचायचं, की कुणीतरी दुप्पट आवाजात कर्ज देऊ करायचं. आता ते बंद झालं. विद्यार्थ्यांना सवलत आहे, पण कॉलेजचा पुरावा लागतो. पदवी होऊन स्पर्धा परीक्षा देणारे आम्ही त्यांच्या लेखी विद्यार्थीच नाही.

सगळ्यात मोठा उपयोग झाला तो सुरुवात करायला. सकाळी पुस्तक उघडायचं जिवावर येतं. मी रोज तेच संतूर लावते, शिवकुमार शर्मांचं. आलाप सुरू झाला की हात आपोआप पेनाकडे जातो, आता सवयच झाली आहे. पण आलापानंतरचा जोड संपून ‘झाला’ हा वेगवान भाग आला की लक्ष गाण्याकडे जातं, म्हणून पहिली वीस मिनिटं झाली की बंद. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ म्हणतात. पहिले दोन महिने माझं उलट चाललं होतं. योग्य ओवी सापडेपर्यंत मी जात्यावर बसतच नव्हते. एकदा प्लेलिस्ट जुळवण्यात पाऊण तास गेला आणि चहाची वेळ झाली.

गणितं, नकाशे भरणं, नोट्स उतरवणं याला गाणी चालतात, कंटाळा कमी येतो. वाचनाला मात्र शब्द असलेलं गाणं अजिबात नको. राज्यघटनेतली आणीबाणीची कलमं, 352, 356, 360, एका दुपारी मराठी भावगीतं ऐकत वाचली. पान उलटलं, पण संध्याकाळी आठवत होता तो फक्त अंतरा. डोळ्यांनी वाचायचे शब्द आणि कानातले शब्द एकाच दारातून आत घुसू बघतात. इंग्रजी गाण्यांचा त्रास थोडा कमी होतो, पण होतोच.

‘बुद्धी वाढवणारं संगीत’ अशा नावाच्या याद्या ॲपवर ढिगानं आहेत. त्यांचं मूळ 1993 सालच्या एका छोट्या प्रयोगात आहे: 36 कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, आणि कागद दुमडून-कापून कसा दिसेल अशा धर्तीच्या प्रश्नांत त्यांना जरा जास्त गुण पडले. तो परिणामही दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. पुढच्या संशोधकांनी दाखवलं की ही करामत मोझार्टची कमी, मन प्रसन्न आणि जागं होण्याची जास्त. माझ्या संतूरचंही तेच असणार.

मनाचा विषय निघालाच आहे तर सांगते. पूर्वपरीक्षेत थोडक्यात हुकले, त्या रात्री दोन रडकी गाणी लावली. ॲपनं तिसरं, चौथं, दहावं त्याच सुरातलं लावलं. पुढचा आठवडाभर उघडलं की तेच समोर. पहिल्या रात्री खरंच हलकं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण चौथ्या दिवशी मी दुःखी होते म्हणून गाणी ऐकत होते की गाणी चालू होती म्हणून दुःखी होते, हे मलाच कळेना. शेवटी रूममेटनं फोन काढून घेतला आणि मला पर्वतीवर नेलं. पायऱ्या चढताना धाप लागली, गाणं नव्हतं, बरं वाटलं. मग ऐकलेल्याची नोंद पुसली आणि गाणं संपलं की आपोआप पुढचं लागण्याची सोय बंद केली. हे पहिल्याच दिवशी करा.

कानांचंही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो. त्यापुढे आवाज वाढला की तास झपाट्यानं घटतात. पंख्याची कुरकुर झाकायला मी आवाज चढवत गेले आणि रात्री कानात शिटी वाजायला लागली. आता कानात घट्ट बसणारे बोळे असलेले इयरफोन वापरते, त्यामुळे आवाज निम्म्यावर आला. गंमत म्हणजे वाचताना नुसते बोळेच पुरतात, गाणं लागतच नाही.

वार्षिक सदस्यत्व घेणार नाही. महिन्याचं भरते, तेही पुढच्या पूर्वपरीक्षेपर्यंत. मागच्या पुटपुटणाऱ्या मुलानंही परवा इयरफोन घेतलेत. आता तो गुणगुणत वाचतो.