नवा व्यायाम, नवा काटा आणि वाढलेलं वजन: सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

व्यायाम सुरू करून दोन-तीन आठवडे झाले आणि वजन उतरायच्या ऐवजी चढलं, असं ज्यांच्या बाबतीत होतंय त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. मी गोव्यातल्या फोंड्यात राहते, काम दिवसभर बसून, वय पंचेचाळिशीच्या आसपास. जूनच्या सुरुवातीला घरच्या घरी डंबेलचा व्यायाम सुरू केला आणि त्याच सुमारास चरबीची टक्केवारी दाखवणारा ब्लूटूथचा वजनकाटा घेतला. त्यामुळे हा अनुभव दोन्हींचा आहे. काट्यावरचा आकडा कशाचा आहे हे कळायचं तर त्या दिवसांत शरीरात काय चाललंय ते आधी कळावं लागतं, म्हणून दोन्ही एकत्रच सांगते.

व्यायाम साधा आहे. आठवड्यातून तीन दिवस डंबेल: खुर्चीवर बसून उठणं, पुढे हातात वजन घेऊन उठाबशा, कमरेत वाकून डंबेल पोटाकडे ओढणं, खांद्यावरून वर उचलणं, भिंतीला हात टेकून जोर. उरलेल्या दिवसांत पाऊस उघडला की फर्मागुडीचा चढ चढून यायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितलेला आहे. मी चालत आधीही होते. नवीन होतं ते वजन उचलणं, आणि काट्याने उडी मारली ती त्यामुळेच.

सुरुवातीला वजन 68.2 किलो होतं. तिसऱ्या आठवड्यात 69.9 दिसलं. जेवण तेच, उलट संध्याकाळच्या चहाबरोबरचा पाव मी बंद केला होता. शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘‘तुला व्यायाम सोसत नाही गो, सोड तो.’’ हे वाक्य आपल्याकडे किती जणींना ऐकावं लागतं! माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायकांनी जीम सोडली ती याच टप्प्यावर, याच वाक्यावर. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हा आकडा चरबीचा नसतो आणि ते साध्या हिशेबाने पटतं.

शरीरात एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे 7,700 कॅलरी जास्त खाव्या लागतात. दोन आठवड्यांत दीड किलो चरबी चढायची तर रोज आठशेहून जास्त कॅलरी वरच्या हव्यात. म्हणजे दुपारी पोटभर शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) जेवल्यावर, त्याशिवाय आणखी एक भरलेलं ताट रोज. एवढं खाल्लं तर माणसाला नक्की कळतं. मी खात नव्हते. मग वाढलं ते काय? बहुतांशी पाणी.

हे पाणी तीन-चार वाटांनी येतं. पहिली वाट दुखऱ्या स्नायूंची. फर्मागुडीला चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरण्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार रोखून धरतो, आणि अशा कामात स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा जास्त होते. उठाबशीत खाली जाताना, डंबेल हळूहळू खाली आणताना तेच घडतं. त्या इजेची दुरुस्ती करायला तिथे सूज येते, सुजेबरोबर पाणी येतं. दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि मग उतरतं. व्यायाम नवीन असेतो हे पुन्हा पुन्हा होतं. स्नायूंना सवय झाली की तेवढ्याच कामाने एवढी सूज येत नाही.

दुसरी वाट साखरेची. स्नायू कामासाठी ग्लायकोजेन नावाची साखर साठवून ठेवतात, आणि नियमित व्यायाम करणाऱ्याचे स्नायू ती जास्त साठवायला शिकतात. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी अडून राहतं. म्हणजे दोनशे ग्रॅम साठा वाढला की काट्यावर पाऊण-एक किलो दिसतो, आणि तो वाईट नाही. चढावर पाय लवकर भरून येत नाहीत ते या साठ्यामुळे. ‘भात बंद केला आणि आठवड्यात दोन किलो उतरले’ असं सांगणाऱ्यांचंही बरंचसं हेच पाणी असतं, फक्त उलट दिशेने गेलेलं.

तिसरी वाट रक्ताची. दमवणारा व्यायाम नियमित सुरू केला, त्यातही उकाड्यात, की पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं. त्यामुळे हृदयाला काम सोपं जातं आणि घाम लवकर सुटू लागतो. गोव्यातल्या जूनमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. अंग थंड ठेवायला शरीराला जास्त कष्ट पडतात. घामावाटे मीठ आणि पाणी जातं, म्हणून मग शरीर ते धरून ठेवू लागतं.

चौथी वाट आपल्या स्वयंपाकघरातली, आणि ती मला कुठल्याच लेखात सापडली नाही म्हणून जरा थांबून सांगते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजी मासळी कमी आणि महाग. मग घराघरांत बेगमीचं खारं बाहेर निघतं: सुके बांगडे, सुक्या सुंगटांची (कोलंबीची) किस्मूर, खारवलेली मासळी, वर मिठातलं तोर (कैरी) आणि लोणचं. पावसाळ्यात पेजेबरोबर याच्याएवढं गोड काही लागत नाही, मी ते सोडणार नाही आणि कुणाला सोडा म्हणणारही नाही. (रक्तदाब असणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी डॉक्टरांचंच ऐकावं.) पण खारं खाल्लेल्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी माझा काटा अर्धा-पाऊण किलो वर असतो, हे इतके महिने नोंदी ठेवून मला स्वच्छ दिसलं आहे. नवा व्यायाम, दमट हवा आणि खारं, तिन्ही जूनमध्येच एकत्र आले होते. नोव्हेंबरात सुरू केलं असतं तर आकडा कदाचित इतका चढला नसता.

पाळी येणाऱ्या बायकांनी आणखी एक धरावं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगात पाणी साठतं, काहींना एखाद-दोन किलोपर्यंत फरक पडतो. त्यामुळे गेल्या आठवड्याशी तुलना करून उपयोग नाही, गेल्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी. हे एक समजल्यावर माझा निम्मा मनस्ताप गेला.

आता काट्याबद्दल. वजन तो चांगलं दाखवतो. लागोपाठ तीनदा उभं राहिलं तरी आकडा तोच येतो, मात्र खाली कडक, सपाट लादी हवी. आमच्या जुन्या घराच्या एका खोलीत फरशी किंचित खाली बसली आहे, तिथे तो वेगळं दाखवायचा, न्हाणीघराबाहेरच्या कोपऱ्यात बरोबर. पावसाळ्यात बॅटरीच्या खणातल्या पत्र्यांवर हिरवट थर चढला आणि तो चालूच होईना. पत्रे घासून, पुसून पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून वापर झाला की तो कपाटात जातो. कंपनीच्या मदत क्रमांकावरून काहीही मदत मिळाली नाही.

चरबीच्या टक्केवारीवर मात्र माझा विश्वास नाही आणि तुम्हीही ठेवू नये असं मला वाटतं. काचेवर पावलांखाली जे चार धातूचे तुकडे असतात त्यांतून अगदी सौम्य वीजप्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येतो. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून अडखळते. त्या अडथळ्यावरून, आणि आपण ॲपमध्ये भरलेल्या वय, उंची, स्त्री-पुरुष या माहितीवरून तो सूत्राने चरबी काढतो. मोजत नाही, अंदाज करतो. शिवाय प्रवाह मुख्यतः पायांतूनच जातो, पोटाचं त्याला फारसं कळत नाही. आंघोळीनंतर ओल्या पायांनी उभी राहिले तर एक टक्केवारी, भरपूर घाम गाळून आल्यावर दुसरी. ज्या दिवसांत अंगातलं पाणीच वरखाली होत असतं त्या दिवसांत पाण्यावर बेतलेला अंदाज किती खरा धरायचा? पेसमेकर बसवलेल्यांनी असा काटा वापरायचाच नाही, आणि गरोदर बायकांनीही हे मापन टाळावं. ‘शरीराचं वय’ असा जो एक आकडा ॲप दाखवतं तो मी पहिल्याच महिन्यात लपवून टाकला. एखाद्या मुलीचं मन उगाच खट्टू करायला तो पुरेसा आहे.

मला खरी उपयोगी पडली ती शिंप्याकडची कापडी टेप. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची धोक्याची मर्यादा बायकांना 80 सेंटिमीटर आणि पुरुषांना 90 सेंटिमीटर धरतात. माझा घेर जूनमध्ये 92 होता. काटा दीड किलो वर गेला त्याच आठवड्यात टेप 91 च्या जरा आत होती. वजन वाढतंय आणि कंबर उतरते आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर व्यायाम चालू ठेवायला दुसऱ्या कुणी समजवायची गरज उरली नाही. टेप बेंबीच्या रेषेत धरा किंवा शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पण दर वेळी तिथेच, श्वास सोडून, न आवळता.

वजन मी सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी बघते आणि आठवड्याची सरासरी काढते. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नाही. जुलैच्या शेवटी सरासरी पुन्हा 68 वर आली. श्रावणात मासळी बंद, चतुर्थीला नेवऱ्या, मोदक, पातोळ्या, आकडा थोडा वर, मग ऑक्टोबरपासून हळूहळू खाली. सध्या 66.8 आहे. नुसता काटा पाहणाऱ्याला सहा-सात महिन्यांत दीड किलोच उतरलं असं वाटेल. कंबर 86 झाली आहे. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना न थांबता चढते, जे गेल्या वर्षी जमत नव्हतं. पुढची पायरी म्हणजे 80, त्याला वेळ लागेल.

स्नायू वाढल्यानेच वजन वाढलं, असं जीममध्ये पहिल्याच महिन्यात सांगतात, ते मला पटत नाही. स्नायू इतक्या झपाट्याने बनत नाहीत, बायकांमध्ये तर नाहीच. ते महिन्यांचं काम आहे. त्यासाठी प्रथिनं लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे रोज वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे माझ्यासाठी साधारण 56 ग्रॅम. मासळी असते तेव्हा हे सहज जमतं, बंदीत आणि श्रावणात नाही. तेव्हा मूग, चवळी, अळसांदे (मोठी चवळी), दही यांवर भर द्यावा लागतो, श्रावण न पाळणाऱ्यांना अंडी आहेतच. जीममध्ये ताकदीसाठी म्हणून क्रिएटिनची पूड सुचवली असेल तर लक्षात ठेवा, तीही स्नायूंत पाणी ओढते आणि पहिल्या आठवड्यांत एक-दोन किलो वाढवू शकते.

आणि खरोखरच चरबी वाढू शकते का? वाढू शकते. पाऊण तास भरभर चालून दीडशे-दोनशे कॅलरी खर्च होतात आणि तेवढ्या चहाबरोबरच्या दोन-तीन मिरची भज्यांत परत येतात. व्यायामाने भूक वाढते, दमून दुपारभर आडवं व्हावंसं वाटतं, रोजची उठबस कमी होते. महिना-दीड महिना झाला, वजनाची सरासरी चढतीच आहे आणि कंबरही वाढते आहे, तर ताटाकडे बघायची वेळ आली. थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणीही करून घ्यावी. मी करून घेतली, ठीक आली. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या यांनीही वजन वाढतं. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं.

काही लक्षणांत मात्र थांबू नका. पायाला सूज आणि अंगठ्याने दाबल्यावर खड्डा तसाच राहणं, आडवं झाल्यावर दम लागणं, दोन-तीन दिवसांत दोन किलोंवर वजन चढणं, हे व्यायामाचं पाणी नव्हे, हृदय किंवा मूत्रपिंडाचा प्रश्न असू शकतो. आणि जोराच्या व्यायामानंतर स्नायू असह्य दुखून लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठा. स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असते, आणि पहिल्याच दिवशी उत्साहाने शंभर उठाबशा काढणाऱ्यांना हे होऊ शकतं.

काटा घ्यायचाच असेल तर साधा डिजिटल घ्या, शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ॲपशिवायचा. मी दिलेल्या पैशांत तो आणि डंबेलची एक जोडी दोन्ही आले असते. टेप शिंप्याच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळते.