मुरुमांसाठी जळगाव गाठायचं की अमळनेरातच दाखवायचं?

गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्यापुढे होता आणि मी दोन्हीकडे पैसे भरले, म्हणून लिहितोय. मेडिकलवरून मागून आणलेली 'गोरेपणाची ट्यूब' इथे धरतच नाही. तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. चार दिवस चेहरा तुकतुकीत, मग मुरुम पहिल्यापेक्षा जोरात उठतात. लावत असाल तर ती ट्यूब सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा, लपवू नका.

आधी जळगावला गेलो. मोठं स्किन-लेझर क्लिनिक, मशीनं भरपूर, वेळ ठरवून मिळते. तिथल्या डॉक्टरांच्या ज्ञानाबद्दल माझी काही तक्रार नाही. औषधंही दोन्हीकडे जवळपास तीच निघाली: रात्री अ‍ॅडापलीन जेल, सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड, काही आठवडे डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक गोळी). जळगावात वर सिटिंगचं पॅकेज होतं, एवढाच फरक. तेही मी घेतलं.

बिनसलं ते तिसऱ्या आठवड्यात. मे महिना, बाहेर आपल्या खान्देशातलं ऊन. गालांची सालं निघायला लागली, नाकाशेजारी साधं पाणी लागलं तरी चरचरायचं, आणि मुरुम उलट वाढलेले. अ‍ॅडापलीन सुरू केल्यावर पहिले काही आठवडे असं होऊ शकतं, हे आज माहीत आहे. तेव्हा घाबरून फोन केला. रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, "पुढच्या सिटिंगला विचारा ना." पुढची सिटिंग अठरा दिवसांनी. दोन मिनिटांच्या प्रश्नासाठी कामावर खाडा करून, गाडी धरून जळगावला जायचं, नाहीतर अठरा दिवस तसंच बसायचं. मी जेलच बंद केलं आणि महिना वाया गेला. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

अमळनेरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे वेळबिळ मिळत नाही. सकाळी नंबर लावायचा आणि बाकड्यावर दीड तास बसायचं. आत गेलो तर, "काय व्हयनं भाऊ?" सगळं ऐकून त्यांनी माझ्या बोटावर जेल काढून दाखवलं, मटाराच्या दाण्याएवढं. "एवढं पुऱ्या चेहऱ्याला. मुरुमावर ठिपके देत बसू नको." मी तिप्पट लावत होतो. दिवसाआड लाव, आधी मॉइश्चरायझर, आणि डॉक्सीसायक्लिन चालू आहे तोवर सनस्क्रीनशिवाय उन्हात नको. मग विचारलं, गाडीवर तोंडाला रुमाल बांधतोस तो धुतोस का रोज? डोक्याला तेल किती? हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात परत चरचरलं तेव्हा कामावरून येताना डोकावलो, दारातच उत्तर मिळालं, पैसे घेतले नाहीत.

(बेन्झॉइल पेरॉक्साइडने कपड्याचा रंग उडतो, हे मात्र दोन्हीकडे राहून गेलं. आईचा निळा टॉवेल गेला. पांढरा वापरा.)

सरकारी दवाखान्याचाही विचार जरूर करा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि खर्च फारच कमी. माझा मित्र तिथेच बरा झाला. फक्त दर खेपेला नवे डॉक्टर भेटले आणि गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली, असं तो म्हणाला.

कुठेही जा, पाटीवर त्वचारोगातली एम.डी. किंवा डी.व्ही.डी. (त्वचारोगाचा डिप्लोमा) अशी पदवी आहे ना ते बघा आणि निदान तीन महिने धरून चला. मला आठव्या आठवड्यात फरक दिसला. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या तर रक्ततपासणी टाळू नका. मुलींनी आणि बायकांनी तर त्या गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावरही महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही, बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं. हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

तुमचे मुरुम खोल गाठींचे असतील, खड्डे पडले असतील, तर कदाचित जळगावच बरं; मी दाखवतो त्या अमळनेरच्या डॉक्टरांकडे लेझर नाही. माझ्याही डाव्या गालावर खड्डे राहिलेत. हिवाळ्यात त्यासाठी जळगावला जाईन म्हणतो, पण अमळनेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच.