थर्मल कॅमेऱ्याच्या शटरला आणि फोकसला कोणती मोटर घ्यावी?

थर्मल कॅमेरा चालू असताना मधूनच 'टक्' असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर थबकतं. ते शटर. सेन्सरसमोर एक पातळ पाती येते. ती सगळीकडे सारख्याच तापमानाची आहे असं धरून कॅमेरा एकेका पिक्सेलची चूक काढून टाकतो, मग पाती बाजूला होते. या पातीचा एक कोपरा जरी गरम असला, तरी ती चूक पुढच्या 'टक्'पर्यंत चित्रात राहते. म्हणून मोटर किती जोर लावते यापेक्षा ती नुसती थांबलेली असताना किती तापते, हे मी आधी बघतो.

साधा सोलेनॉइड (करंट दिला की चुंबक बनून दांडा ओढणारी कॉइल) स्वस्त आणि जोडायला सोपा. वीज गेली की स्प्रिंगने शटर मिटावं अशी रचना केली, तर शटर उघडं ठेवायला कॉइलमधून सतत करंट द्यावा लागतो आणि कॉइल पातीच्या शेजारीच तापत राहते. लॅचिंग सोलेनॉइडमध्ये दोन्ही टोकांना पाती चुंबकच धरून ठेवतो, करंट फक्त हलवताना क्षणभर लागतो. हातातल्या, बॅटरीवरच्या कॅमेऱ्याला मी हाच घेईन. अडचण एकच: वीज गेली की तो आहे तिथेच राहतो. शटर उघडं राहिलं आणि लेन्स सूर्याकडे असली, तर सेन्सरवर डाग पडू शकतो. त्यासाठी मिटायच्या एका झटक्यापुरता चार्ज कपॅसिटरमध्ये राखून ठेवायचा. आवाज अजिबात नको असेल किंवा पाती मोठी असेल, तर छोटी स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरणारी) बरी. तिला वेळ थोडा जास्त लागतो.

फोकसचं गणित वेगळं, आणि ते कागदावर मांडूनच बघावं. जर्मेनियमच्या साध्या १०० मिमी लेन्सचं नाभीय अंतर तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.०१३ मिमीने बदलतं. एफ/१ (नाभीय अंतराइतकंच रुंद तोंड असलेल्या) लेन्सला १० मायक्रॉन तरंगलांबीवर फोकसमध्ये चालणारी चूक मात्र दोन्ही बाजूंना ०.०२ मिमी. म्हणजे दोन अंशांतच सगळी सवलत संपली! पुण्यात डिसेंबरात पहाटे १२ आणि दुपारी ३० अंश असले, तर फोकस ०.२३ मिमी सरकतो.

आता स्टेपर बघा. फेरीला २० स्टेप आणि अर्ध्या मिलिमीटर पिचचा (एका फेरीत तेवढंच सरकवणारा) लेड स्क्रू घेतला, तर एका स्टेपला लेन्स ०.०२५ मिमी सरकते. हे जरा भरड झालं, पण मायक्रोस्टेपिंगने (एका स्टेपचे आणखी बारीक भाग करून) भागतं. बारीक पिचचा स्क्रू शक्यतो स्वतःच अडकून राहतो, त्यामुळे करंट बंद केला तरी लेन्स हलत नाही. मात्र स्टेप चुकली तर मोटरला कळत नाही, म्हणून सुरुवातीची जागा ओळखायला एक सेन्सर हवाच. थंडीत ग्रीस घट्ट झालं की स्टेप चुकायची शक्यता वाढते. कॅमेरा लडाखला जाणार असेल तर चाचणी तिथल्याच तापमानाला घ्या.

डीसी गिअर मोटरला जोर भरपूर. जर्मेनियम काचेच्या दुपटीहून जड, त्यामुळे लांब पल्ल्याच्या मोठ्या झूम लेन्सला तीच शोभते, पण एन्कोडरसकट (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर). लहान कॅमेऱ्यात मी ती टाळतो. गिअरच्या दात्यांमधला ०.०५ मिमीचा ढिलेपणासुद्धा वरच्या हिशोबात बसत नाही (नेहमी एकाच बाजूने जागेवर आणलं तर तो बराच झाकला जातो), आणि ब्रशचा विद्युत गोंगाट सेन्सरच्या अगदी बारीक सिग्नलला त्रास देतो.

व्हॉइस कॉइल (स्पीकरमधल्यासारखी, चुंबकाजवळ सरळ सरकणारी कॉइल) झटपट हलते, पण जड लेन्स तोलून धरायला तिला सतत करंट लागतो, म्हणजे पुन्हा उष्णता. पिझो मोटर (व्होल्टेज दिलं की किंचित आकार बदलणाऱ्या पदार्थावर चालणारी) करंटशिवाय जागा धरते, तिला गिअरही नको; किंमत आणि घर्षणाने होणारी झीज परवडत असेल तरच घ्या.

नमुना हाती आला की लेन्सला झाकण लावा, फोकस वारंवार पुढे-मागे करत कॅमेरा अर्धा तास चालवा आणि शटर पडायच्या आधीचं व नंतरचं चित्र शेजारी ठेवा. मोटर ज्या बाजूला आहे तोच कोपरा उजळ दिसला, तर मोटर तरी बदला, नाहीतर तिची जागा तरी.