डे-केअरमधली डायपर बदलण्याची पद्धत: सहा-सात महिन्यांनंतर

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. लेक पाच महिन्यांची असल्यापासून एका परवानाधारक डे-केअरमध्ये जाते, आता उभी राहायला लागली आहे. जेवण, झोप, फी यांबद्दल सगळेच लिहितात. मी फक्त डायपरबद्दल लिहिते, कारण तान्ह्यांच्या खोलीत दिवसभर सगळ्यात जास्त वेळा होणारं काम तेच आणि जुलाबाची साथ पसरते तीही बरीचशी तिथूनच.

टेबल कसं असावं हे राज्याच्या नियमांतच दिलं आहे. गादी किमान १ इंच जाड, वर धुता येणारं प्लास्टिक किंवा व्हिनाइल, कडा किमान ३ इंच उंच, हात लांबवला की सिंक, आणि टेबल स्वयंपाकाच्या जागेत अजिबात नको. इथे हे सगळं आहे. बाळाला बांधायचा पट्टा मात्र नाही. पहिल्या दिवशी मला ते खटकलं होतं. टीचर म्हणाल्या, पट्ट्याला शी लागते, तो दर वेळी कोण धुणार? शिवाय पट्टा आहे म्हटलं की माणूस बिनधास्त हात काढतो. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीही हेच सांगतात: पट्टा नको, पण एक हात कायम बाळावर. आमची बया आता टेबलावर पालथी व्हायला बघते, तेव्हा तो हात किती कामाचा आहे ते कळतं.

मला खरी आवडली ती कामाची क्रमवारी. बाळाला टेबलावर ठेवण्याआधीच लागतील तेवढे वाइप्स पाकिटातून काढून ठेवतात, क्रीम टिश्यूवर काढून घेतात, टेबलावर कागद अंथरतात. म्हणजे खराब हात पाकिटाला किंवा ट्यूबला लागतच नाही. मग पुढून मागे पुसायचं. घाणेरडा डायपर पायाने उघडणाऱ्या झाकणाच्या डब्यात. हातमोजे काढायचे आणि मगच नवीन डायपरला हात लावायचा. त्यानंतर बाळाचेही हात धुतात! हे मी घरी कधी केलं नव्हतं, कुणाला करताना पाहिलंही नव्हतं. बाळ खाली गेलं की टेबल साबणाच्या पाण्याने पुसून त्यावर जंतुनाशक मारायचं आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत ते ओलं राहू द्यायचं. लगेच पुसलं तर मारून उपयोग नाही. शेवटी टीचरचे स्वतःचे हात, साबणाने, २० सेकंद. हातमोजे घातले होते ही सबब चालत नाही.

आता कुरकुर. निदान दर दोन तासांनी डायपर बघतात आणि ॲपवर नोंद करतात, ते छान. पण नियमाने एका टीचरमागे चार बाळं. एक टेबलावर असताना उरलेली तिघं रडली तर दुसऱ्या टीचरची वाट बघावी लागते. चौघांनी एकदम शी केली की नोंदी उशिरा येतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. घाईत पायऱ्या गाळण्यापेक्षा उशीर परवडला. कागद आणि प्लास्टिकचा कचरा मात्र बघवत नाही.

रॅशसाठी क्रीम लावायला लेखी परवानगी लागते, ट्यूबवर मुलीचं नाव हवं. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांनी घरचं खोबरेल एका छोट्या बाटलीत घालून दिलं, ते लेबल नाही म्हणून परत आलं. त्याहून त्यांना राग आला शीने भरलेल्या कपड्यांचा. इथे ते धूत नाहीत, नुसते पिशवीत बांधून घरी देतात. "नळाखाली धरायला काय झालं होतं?" सिंकमध्ये खळबळलं की शिंतोडे उडतात आणि त्याच सिंकवर सगळ्यांचे हात धुतले जातात, हे त्यांना पटलं नाही. मला पटलं, पण संध्याकाळी ती पिशवी उघडायची पाळी माझ्यावरच येते.

तुम्ही डे-केअर बघायला जाल तेव्हा खेळणी बघण्यात वेळ घालवू नका. डायपर बदलायच्या वेळेला जा आणि गुपचूप बघत उभ्या राहा. शिवाय परवाना विभागाचे तपासणी अहवाल राज्याच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतात. आधी तेच उघडा.