जिप्सीचा घरगुती टर्बो मॅनिफोल्ड आणि २०० अँपिअरचं आर्गन मशीन: उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

जिप्सीच्या टर्बोसाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा तापलेला धूर टर्बोपर्यंत नेणारी नळ्यांची जुळणी) घरीच वेल्ड केला, आणि तो ज्या आर्गन (टिग) वेल्डिंग मशीनवर केला त्याचा हा अनुभव. मशीनच्या पुढच्या पट्टीवर पोस्ट-फ्लोचा, म्हणजे आर्क विझल्यावर गॅस किती वेळ चालू ठेवायचा त्याचा, नॉब आहे आणि त्याच्याभोवती ० ते १० सेकंद असं छापलंय. पल्स (करंट ठेक्यात कमी-जास्त करणारा मोड) चालू असेल तर नॉब १० वर ठेवा नाहीतर ५ वर, आर्क विझल्यापासून तिसऱ्या सेकंदाला गॅसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह टक्कन बसतो आणि गॅस बंद. पल्स बंद केला की हाच नॉब नीट चालतो, छापल्याप्रमाणे गॅस देतो. म्हणजे नॉब बिघडलेला नाही, आतल्या कार्डातच घोळ आहे. सर्व्हिस सेंटरवाल्याने हे समोर उभं राहून पाहिलं, मोबाइलवर सेकंद मोजलेले बघितले, आणि शांतपणे म्हणाला, ‘एवुं ज आवे, भाई,’ म्हणजे असंच येतं. वॉरंटीचा वाद अजून चालू आहे, म्हणून मशीनचं नाव लिहीत नाही.

तीन सेकंदांनी एवढं काय बिघडतं? स्टेनलेसमध्ये बरंच बिघडतं. अंदाजाचा नियम असा की दर १० अँपिअरला एक सेकंद पोस्ट-फ्लो हवा. ८५ अँपिअरवर आठ-नऊ सेकंद. आर्क विझली तरी शेवटचा खड्डा लालभडक असतो. तेवढ्यात गॅस गेला की तिथे करडा, खरखरीत ठिपका उठतो. टॉर्चमधल्या टंगस्टनच्या काडीचं टोकही निळं-काळं पडतं, पुढची आर्क भरकटते, पुन्हा ग्राइंडर. चार रनरच्या (प्रत्येक सिलिंडरची एक नळी) मॅनिफोल्डवर बीडची, म्हणजे वेल्डच्या रेघेची, टोकं पन्नासेक तरी येतात, आणि प्रत्येक टोकावर हा ठिपका. सोनेरी बीडच्या शेवटी करडा डाग दिसला की पोटात दुखतं.

बाकी मशीनबद्दल तक्रार नाही. फक्त डीसी आहे, ॲल्युमिनियम होणार नाही, पण मॅनिफोल्डला एसी लागतच नाही. एचएफ स्टार्ट (न टेकवता ठिणगीने आर्क पेटवणं) पहिल्या झटक्यात. टू-टी, फोर-टी (टॉर्चचं बटण चालवायच्या दोन पद्धती), डाउनस्लोप (शेवटी करंट हळूहळू उतरवणं) सगळं आहे. १०० अँपिअरवर आर्कचा व्होल्टेज साधारण १४, म्हणजे दीड किलोवॉटच्या आत. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर निभतं, एमसीबी मात्र सी-कर्व्हचा, म्हणजे सुरुवातीच्या झटक्याला न पडणारा, घ्या. ड्यूटी सायकलचा (मशीन न थांबता किती वेळ चालेल त्याचा) आकडा ४० अंश तापमानाला आणि दहा मिनिटांच्या चक्रावर ठरवलेला असतो, हे लक्षात असू द्या. बडोद्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश हा सकाळचा आकडा असतो. तरी ८५-९० अँपिअरवर मशीन एकदाही गरम होऊन थांबलं नाही. नवरात्रात गरब्याच्या वेळी व्होल्टेज पडतो तेव्हा आर्क जरा लंगडते. ते मशीनच्या माथी मारणं बरोबर नाही.

आता मॅनिफोल्ड. इंजिन जिप्सी किंगचं, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं. टर्बो छोटा, टी-२५ फ्लँजचा. पाइप सव्वा इंची शेड्यूल १० (जाडीचा वर्ग), ३०४एल ग्रेडच्या स्टेनलेसचा. त्याचा बाहेरचा व्यास ४२.२ मिमी आणि जाडी २.७७ मिमी. लाँग रेडियस एल्बोचं केंद्र ते टोक ४८ मिमी, शॉर्ट रेडियसचं ३२. शॉर्ट रेडियस दिसायला सोयीचा वाटतो, पण रेडिएटरच्या पंख्यापासून जागा निघत असेल तर लाँगच घ्या; गॅस वळतोही बरा आणि माल सहज मिळतो. बडोद्यात आजूबाजूला इतकी केमिकल प्लँट आणि प्रोसेस इक्विपमेंटची कामं आहेत की मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) बटवेल्ड एल्बो, म्हणजे टोकाला टोक लावून वेल्ड करायचे बाक, सुटे मिळतात आणि तुकडा पाइप किलोवर. मात्र तुकड्यावर ग्रेडचा शिक्का नसेल तर हात लावू नका. लोहचुंबक चिकटत नाही एवढ्यावर ३०४ समजून घेणं खुळेपणा आहे. २०० सिरीजच्या स्वस्त स्टेनलेसलाही तो चिकटत नाही.

फ्लँज लेझर कटिंगवाल्याकडून. हेडची जुनी गॅस्केट स्कॅन करून ड्रॉइंग काढलं की काम होतं. हेडचा फ्लँज १० मिमी, टर्बोचा १२. फ्लँज माइल्ड स्टीलचा आणि पाइप स्टेनलेसचा असेल तर त्या सांध्याला ईआर ३०९एल फिलर (सांध्यात वितळवायची काडी). स्टेनलेस ते स्टेनलेस ईआर ३०८एल. दोन्ही १.६ मिमी. टंगस्टन २.४ मिमी, निळ्या टोकाचा. टॉर्चच्या तोंडाचा कप आठ नंबर, गॅसचा झोत संथ करणारी जाळी म्हणजे गॅस लेन्स हवीच, टॉर्चला दर मिनिटाला १० लिटर. पल्स सेकंदाला एक ते दीड, वरचा करंट १००, खालचा त्याच्या ३५ टक्के. पंखा बंद. हो, मेमध्येसुद्धा. पंख्याच्या वाऱ्याने गॅसची छत्री उडते आणि मग माणूस सगळा राग फिलरवर काढतो.

हेडचं पोर्ट (धूर बाहेर पडायचं तोंड) लांबट आणि पाइप गोल, म्हणून पाइपचं टोक गरम करून व्हाइसमध्ये हळूहळू चेपायचं. दोन टोकांना २ मिमीची पट्टी ठेवली की व्हाइसचे दात उमटत नाहीत. फ्लँजला वेल्ड करताना तो २५ मिमीच्या प्लेटला किंवा भंगारातल्या हेडला बोल्ट करून ठेवा आणि पोर्टांचा क्रम उडवत जा: १, ३, २, ४. तरीही तो वाकतोच. सोडल्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घाला, ०.१० मिमीचं पातं शिरलं तर मिलिंगला द्या. दोन पोर्टांना जोडणारी फ्लँजची पट्टी वेल्डिंग झाल्यावर कापून टाका आणि बाहेरच्या स्टडांची भोकं दीड मिमीने लांबट करा. ३०० मिमी लांबीच्या स्टेनलेसचं तापमान ६०० अंशांनी चढलं तर ते तीन मिमीच्या वर वाढतं. वाढायला जागा नसेल तर ते कुठेतरी फाटणारच.

पर्ज, म्हणजे पाइपच्या आतली हवा काढून आर्गन भरणं. आर्गनची सगळी कंजुषी इथेच सुचते आणि इथेच ती महाग पडते. आत आर्गन नसेल तर मुळाच्या बाजूने स्टेनलेस करपून साखरेसारखं दाणेदार होतं. बाहेरून बीड बघून ‘वाह’ म्हणाल, आतून तो अर्ध्या जाडीचाच असतो. वर ते दाणे सुटून थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातात. ३० सेंटीमीटरच्या चार रनरमध्ये सव्वा लिटर, कलेक्टर (चारही रनर एकत्र येतात तो भाग) धरून दोन लिटर जागा. ती पाच-सहा वेळा बदलायची तर १२ लिटर, म्हणजे दर मिनिटाला ६ लिटरने दोन मिनिटं. मग ३ लिटरवर आणा. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून नळी सगळ्यात खालच्या तोंडातून आत आणि ३ मिमीचं भोक सगळ्यात वरच्या तोंडाला. बाकीची तोंडं ॲल्युमिनियम फॉइल टेपने बंद. शेवटचा सांधा मिटवताना पर्ज एक-दीड लिटरवर आणा, नाहीतर आतला दाब वितळलेलं मूळ बाहेर फुंकतो. १० लिटरच्या छोट्या सिलिंडरमध्ये १५० बारला दीड हजार लिटर गॅस असतो. टॉर्च आणि पर्ज मिळून १३ लिटर धरले तर दोन तासही पुरत नाही. ४७ लिटरचा घ्या, भाडं पडलं तरी.

गॅल्व्हनाइज्ड पाइप कुठल्याही कारणाने या कामात आणू नका. जस्ताचा धूर माणसाला ताप आणतो आणि वितळलेलं जस्त स्टेनलेसच्या कणांच्या फटींत शिरून तडा पाडतं. साफ करायला ॲसिटोन. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर आर्कजवळ नेऊ नका. त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू बनतो.

फिटिंग झाल्यावर उन्हाळाभर सगळं व्यवस्थित. पावसाळा संपता संपता सकाळच्या पहिल्या स्टार्टला बारीक टिकटिक यायला लागली, इंजिन गरम झालं की गायब. एक्झॉस्टच्या फटीची ही ओळखीची खूण आहे: थंड असताना उघडी, धातू फुगला की बंद. गळती शोधायला व्हॅक्यूम क्लीनरची फुंकायची बाजू सायलेन्सरच्या तोंडाला लावा आणि मॅनिफोल्डवर साबणपाणी शिंपडा. बुडबुडे आले वेस्टगेटच्या (टर्बोला नको असलेला धूर बाजूला काढणारा व्हॉल्व्ह) तोंडाशी. कलेक्टरला वेस्टगेटचा आखूड पाइप जिथे मिळतो तिथे, बीडच्या कडेने, २२ मिमीचा तडा, भोवती काजळीची रेघ.

इथे माझं मत बदललं. फुटलं तर इथूनच फुटेल म्हणून ज्या करड्या ठिपक्यांवर मार्करने गोल करून ठेवले होते, त्यातला एकही फुटलेला नाही. तडा गेला तो सगळ्यात ताठर जागी: चार रनर, १२ मिमीचा फ्लँज आणि वेस्टगेटचा पाइप एका मुठीत आलेले, कोणालाच हलायला वाव नाही. वर टर्बोचं वजन रनरांवर लटकलेलं आणि डाउनपाइप (टर्बोतून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) चेसिसला घट्ट क्लँप केलेला. इंजिन माउंटवर डुलतं, चेसिस डुलत नाही. फरक कोणीतरी सोसायचा, तो कलेक्टरने सोसला. आणि कापून पाहिलं तर त्या पाइपच्या मुळाशी साखर. हा तुकडा सगळ्यात शेवटी लागतो, तोवर खालून आलेला पर्ज वरच्या भोकातून निघून जातो आणि या आडव्या तुकड्यात हवा कोंडलेली राहते. त्याला स्वतःचं वेगळं भोक हवं.

दुरुस्ती: तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग पूर्ण जाडीपर्यंत ६०-७० अंशांची व्ही. काजळीचा कणही उरला तर बीडला छिद्रं पडतात, म्हणून आतूनही बर (फिरतं कोरायचं पातं) घालून चकचकीत करा. पर्ज, ३०८एल, आणि छोटे छोटे तुकडे उलट दिशेने. त्यानंतर टर्बोच्या खालून इंजिन ब्लॉकला ६ मिमीच्या पट्टीचा ब्रॅकेट, त्यात लांबट भोक, म्हणजे वजन उचलेल पण वाढीला अडवणार नाही. डाउनपाइपमध्ये विणलेल्या जाळीचा लवचिक बेलो (हलता जोड). तेव्हापासून टिकटिक नाही. मॅनिफोल्डवर गुंडाळलेली हीट रॅपची पट्टी मात्र काढून टाकली. इंजिन बे थंड राहतो हे खरं, पण धातू आणखी तापतो आणि ३०४ला आधीच ४२५ ते ८५० अंशांच्या, म्हणजे त्याची गंजरोधकता कमी करणाऱ्या, पट्ट्यात दिवस काढावे लागतात. त्याऐवजी पत्र्याची हीट शील्ड, मध्ये बोटभर जागा.

आणखी एक मत बदललंय. समान लांबीचे रनर १.३ लिटरच्या इंजिनला आणि एवढ्याशा टर्बोला शोभेपलीकडे फार काही देत नाहीत. बटवेल्ड टी आणि एल्बो जोडून केलेला आखूड लॉग मॅनिफोल्ड (सगळी पोर्टं एकाच आडव्या पाइपात) लवकर बूस्ट देईल, सांधे निम्मे होतील, आर्गनही निम्मा. पैसा वाचवायचा असेल तर काळ्या माइल्ड स्टीलच्या शेड्यूल ४० पाइपात करा: जाडी ३.५६ मिमी आणि तापून स्टेनलेसपेक्षा बरंच कमी वाढतं. तो गंजतो आणि पापुद्रे सोडतो, म्हणून आतून पूर्ण साफ करूनच टर्बो लावा. ३२१ हा उष्णतेला टिकणारा स्टेनलेस ग्रेड चांगला आहे, पण घरगुती कामाला त्याचा भाव बघून घाम येतो.

आणि हे सगळं रस्त्यावरच्या गाडीला लावायच्या आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवर नसलेला बदल म्हणजे पोलीस आणि विमा कंपनी दोघांच्या हाती कोलीत.

तर मशीनला आधी दोन तारे देणार होतो, आता साडेतीन. मॅनिफोल्ड फुटण्यात त्याचा दोष नव्हता. पण नॉब तो नॉबच. छापलंय १० आणि देतो ३, याला मी फीचर म्हणणार नाही. त्यावर उपाय म्हणून हँडलवरच व्हॉल्व्ह असलेला २६ नंबरचा एअर-कूल्ड टॉर्च लावलाय. गॅसची नळी मशीनमधून न नेता रेग्युलेटरवरून थेट टॉर्चला, व्हॉल्व्ह अंगठ्याने उघडायचा, बीड संपल्यावर मनात नऊ मोजून बंद करायचा. टंगस्टन आता टोकापर्यंत चांदीसारखा राहतो आणि बीडच्या शेवटी करडा ठिपका नाही. तोटा एवढाच की चहाला उठताना व्हॉल्व्ह उघडा राहिला तर दर मिनिटाला १० लिटर आर्गन शेडला मिळतो. म्हणून उठताना सिलिंडरचीच चावी बंद करा.

ज्यांना हेच मशीन घ्यायचं आहे त्यांनी दुकानात गॅस जोडून, पल्स चालू करून, नॉब १० वर ठेवून घड्याळ लावावं. तीन सेकंदांत टक्क आवाज आला तर दुसरा खोका उघडायला सांगा. दुकानदार कुरकुर करेल. करू द्या, बिल अजून फाडलेलं नसतं.