बंद इंजिन आणि पक्के बिल: एका इनलाइन सिक्सच्या पुनर्बांधणीतील फसवणूक

जुन्या गाडीचे इंजिन बांधायला देणे हा असा व्यवहार आहे की, ज्यात पैसे मोजून करून घेतलेले जवळजवळ सगळे काम ताब्यात मिळते तेव्हा झाकलेले असते. क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) ऑइल चेंबरच्या आत, पिस्टन हेडखाली, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाखाली, आणि बेअरिंग कॅपच्या आड असतात. बाहेरून दिसतो तो रंग, नवे बोल्ट आणि चकचकीत व्हॉल्व कव्हर. माझी फसवणूक याच झाकलेपणाच्या आधारावर झाली. ती करणाऱ्याने कोणते आकडे पुढे केले आणि कोणते मागे ठेवले, हे सविस्तर लिहिल्यास सहा सिलिंडरचे जुने इंजिन बांधायला देणाऱ्या इतरांना सावध होता येईल. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार अजून निकालात निघालेली नाही, आणि ही रीत त्या एकट्याची आहे असेही मला वाटत नाही.

इंजिन निस्सानच्या एल मालिकेतील एल२८ होते. १९६९ साली आलेल्या डॅटसन २४०झेडमुळे ज्या एल२४ इंजिनाचे नाव झाले, त्याचा हा मोठा भाऊ: ८६ मि.मी. बोअर (सिलिंडरचा व्यास), ७९ मि.मी. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), २७५३ सीसी, सात मेन बेअरिंग, बिडाचा ब्लॉक आणि वर साखळीने फिरणारा, व्हॉल्व उघडणारा एकच कॅमशाफ्ट. याची क्षमता वाढवण्याचा एक जुना आणि पारखलेला मार्ग आहे. त्याच घराण्यातील एलडी२८ या डिझेल इंजिनाचा ८३ मि.मी. स्ट्रोकचा क्रँक घ्यायचा, एल२८ च्या १३०.३५ मि.मी. रॉडऐवजी एल२४ चे १३३ मि.मी.चे कनेक्टिंग रॉड लावायचे आणि बोअर ८९ मि.मी. करायचा. हिशेब ३०९८ सीसीवर जातो, म्हणजे मूळ क्षमतेत एक अष्टमांशाची भर पडते. माझा ब्लॉक एफ५४ खुणेचा होता, ज्यात शेजारशेजारच्या सिलिंडरांच्या भिंती एकमेकींना जोडून ओतलेल्या असल्यामुळे एवढ्या बोअरिंगसाठी तो पसंत केला जातो. हेड एन४२ खुणेचे होते. त्याचे एक्झॉस्ट पोर्ट चौकोनी असून त्यांत लोखंडी लाइनर नसतात, म्हणून इंजिन सुधारणाऱ्यांत त्याला मागणी असते.

ठरलेले काम लेखी होते. एलडी२८ चा क्रँक इंजिन बांधणाऱ्याने मिळवायचा, त्याचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) ०.२५ मि.मी. अंडरसाइजला, म्हणजे तेवढे बारीक, ग्राइंड करायचे, ब्लॉक ८९ ला बोअर करून फोर्ज्ड (ओतलेले नव्हे, तर दाबून घडवलेले) पिस्टन बसवायचे, क्रँक, रॉड व पिस्टन यांचे बॅलन्सिंग करायचे, जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व अधिक उचलणारा, रीग्राउंड (पुन्हा घासून आकार दिलेला) कॅम लावायचा आणि तीन मिकुनी कार्ब्युरेटर जोडून इंजिन चालू करून द्यायचे. ब्लॉक व हेड यांच्या ओतीव खुणा मी पावतीवर लिहून घेतल्या होत्या, आणि हेडच्या मागच्या बाजूस, घट्ट बसलेल्या ब्लँकिंग प्लेटच्या खाली येतील अशा बेताने, पंचाने बारीक ठिपके मारून ठेवले होते. काम चालू असताना फोटो येत राहिले. बोअरिंग मशीनवरच्या ब्लॉकचा जो फोटो आला तो इतका जवळून काढलेला होता की त्यात चकाकणाऱ्या भोकाखेरीज काही दिसत नव्हते. बाजूने, खूण दिसेल असा फोटो मागितल्यावर ब्लॉक मशीनवरून उतरून धुवायला गेल्याचे उत्तर आले. पुढे ताण दिल्यावर जो फोटो आला त्यात ब्लॉकला रंग लागलेला होता. ग्राहकाच्या कामाचा फोटो म्हणून तिसऱ्याच्याच कामाचा फोटो पाठवणे या धंद्यात किती सोपे आहे, याचा विचार प्रत्येकाने करावा. ज्या फोटोत तुमच्या वस्तूची ओळख पटत नाही तो फोटो पुरावा नसून सजावट आहे.

इंजिन ताब्यात देताना त्याने एक प्रयोग करून दाखवला, आणि तो खरोखर छाप पाडणारा होता. स्टँडवर इंजिन चालू केले, ऑइल प्रेशरचा काटा सरळ वर गेला. मग सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून दाखवले. सगळे आकडे भरपूर आणि एकमेकांच्या अगदी जवळ होते. या दोन्ही आकड्यांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण फसवणुकीचा कणा तेथेच आहे. थंड इंजिनात दाट ऑइल घातले, तर झिजलेल्या बेअरिंगवरही काटा वर चढतो. तो काटा गरम झाल्यावर आणि कमी फेऱ्यांवर कोठे येतो, हे पाहायला हवे, आणि तेवढा वेळ इंजिन चालू ठेवण्याचे त्याने टाळले. कॉम्प्रेशनचे म्हणाल, तर एफ५४ ब्लॉकमधील मूळ सपाट माथ्याच्या पिस्टनवर एन४२ चे सुमारे ४४.६ सीसीचे कंबशन चेंबर बसवले की कॉम्प्रेशनचे प्रमाण साधारण १०:१ पर्यंत आपोआप पोहोचते. त्यासाठी क्रँक बदलावा लागत नाही की बोअर वाढवावा लागत नाही. त्यातून सिलिंडरांना हातहोन (भिंत घासणारे दगडांचे हत्यार) मारून नव्या रिंगा घातल्या असतील, तर सुरुवातीला गळतीही कमी असते. म्हणजे कॉम्प्रेशन गेजने रिंगा व व्हॉल्व धरत आहेत एवढेच सांगितले होते. इंजिन २७५३ सीसीचे की ३०९८ सीसीचे, याबद्दल ते गेज मुके असते.

यासोबत वॉरंटीचा कागद आणि हेडच्या दोन बोल्टांवर लाखेसारखे लाल ठिपके मिळाले. हे ठिपके तुटले, म्हणजे इंजिन दुसऱ्याने उघडले, तर वॉरंटी रद्द. अशी अट प्रामाणिक कारागीरही घालतात आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नसते. पण ज्याने आत काहीच केलेले नाही त्याच्या हाती ही अट पडली की तिचा उपयोग वस्तू झाकून ठेवण्यासाठीच होतो.

संशयाची पहिली जागा त्या लाखेच्या बाहेर होती. रनिंग-इन (बांधलेले इंजिन सुरुवातीला बेताने चालवून मुरवणे) झाल्यावर व्हॉल्वची फट पुन्हा जुळवावी लागते. एल मालिकेत थंड अवस्थेत ती इनलेटला ०.२० व एक्झॉस्टला ०.२५ मि.मी. ठेवतात. त्यासाठी कव्हर काढले तेव्हा व्हॉल्वच्या टोकांवर बसणारे लॅश पॅड मूळ जाडीचे असल्याचे दिसले. कॅम रीग्राइंड करताना त्याचा पायाचा घेर कमी होतो, आणि ती कमी झालेली उंची भरून काढून रॉकरचा (कॅमचा धक्का व्हॉल्वपर्यंत नेणाऱ्या तरफेचा) घासपट्टा मध्यावर आणण्यासाठी जाड पॅड घालावे लागतात. येथे पॅड मूळचे आणि रॉकरवरचा चकाकता पट्टा अगदी मध्यावर, म्हणजे कॅमही मूळचाच असला पाहिजे. व्हॉल्व स्प्रिंगच्या रिटेनरवर डायल गेज लावून कॅम हाताने फिरवला आणि मिळालेली लिफ्ट बिलातील आकड्याशी ताडली. फरक शंकेला जागा न ठेवणारा होता. कॅमची ही तपासणी इंजिन न उघडता, लाख न तोडता करता येते, आणि इंजिन ताब्यात घेताना समोर उभे राहून ती करून मागावी.

त्यानंतर गाडी डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, नेली. टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारणपणे क्षमतेच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एक अष्टमांश मोठ्या इंजिनाचा टॉर्क मूळ इंजिनाच्या रेषेत यावा हे पटण्यासारखे नव्हते. स्पार्क प्लगच्या भोकातून बोअरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घातला, तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा (वाढीव मापाचा) आकडा दिसला नाही आणि भिंतीच्या वरच्या टोकाला एक बारीक सावली दिसली. प्लगच्या भोकातून सळई घालून स्ट्रोक मोजण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण या हेडमध्ये प्लग तिरका बसतो, त्यामुळे तो आकडा वादात टिकत नाही. मी इंजिन बांधणाऱ्याला लेखी कळवून, तो न आल्यामुळे दुसऱ्या मशीन शॉपमधील दोघांच्या उपस्थितीत आणि सलग चित्रीकरण करत, लाख शाबूत असल्याचे आधी दाखवून, हेड उतरवले.

ती सावली म्हणजे जुनी कड होती. वरची रिंग जेथवर पोहोचते त्याच्या वर भिंत झिजत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेल्या सिलिंडरला तेथे कंगोरा तयार होतो आणि त्यावर नख अडकते. बोअरिंग केल्यावर तो कंगोरा उरूच शकत नाही. येथे कंगोऱ्याच्या खाली होनिंगच्या ताज्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा होत्या, आणि मध्येच काही जागी, जेथे भिंत लंबगोल झिजली होती तेथे दगड टेकलाच नसल्यामुळे, जुना गुळगुळीत चकाका तसाच राहिला होता. बोअर गेजने ८६ च्या पुढे शतांशांची झीज दाखवली. ८९ चा प्रश्नच नव्हता. पिस्टन तारेच्या ब्रशने साफ केलेले मूळ ओतीव पिस्टन होते. फोर्ज्ड पिस्टनची आतली बाजू वेगळी दिसते आणि त्यात साच्याची शिवण नसते; यांच्या आत ती स्पष्ट होती. पिस्टन तळाला नेऊन खोली मोजली, तर स्ट्रोक ७९ चा. ऑइल चेंबर उतरवल्यावर मेन जर्नल ५४.९३ मि.मी. भरले. नव्या क्रँकचे माप ५४.९४२ ते ५४.९५५ असते, ०.२५ ने ग्राइंड केला असता तर ते ५४.७० च्या आसपास आले असते. शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीच्या) पाठीवर कंपनीचा स्टँडर्डचा ठसा होता, पण पृष्ठभागावरच्या रेघा नव्या शेलच्या नव्हत्या. बॅलन्सिंगसाठी क्रँकच्या वजनपट्ट्यांवर पाडलेले एकही ताजे भोक नव्हते. जर्नलला एमरीचा कागद मात्र अगदी मनापासून मारलेला होता.

या सगळ्याहून मला अधिक लागली ती हेडची बाब. हेडवर चांदीसारखा रंग जाड थरात दिलेला होता. अॅल्युमिनियमच्या हेडला रंगाची काही गरज नसते. पहिल्या स्पार्क प्लगजवळचा थर ब्लेडने खरवडला, तेव्हा खाली एन४७ ही खूण निघाली. मॅनिफोल्ड काढल्यावर एक्झॉस्ट पोर्ट गोल आणि आत लोखंडी लाइनर. ब्लँकिंग प्लेटखाली माझे ठिपके नाहीत. एन४७ आणि एन४२ यांच्या कंबशन चेंबरचे आकारमान सारखेच असल्यामुळे कॉम्प्रेशनच्या आकड्यात ही अदलाबदल उमटत नाही. निवड जाणून केलेली होती. न केलेल्या कामाचे पैसे घेणे ही एक फसवणूक, आणि ग्राहकाची मौल्यवान वस्तू ठेवून घेऊन तिच्या जागी जुळी दिसणारी स्वस्त वस्तू बसवणे ही निराळी, कारण पहिलीत निदान तुमचे जे होते ते तुमच्याकडे राहते.

त्याची उत्तरे लक्षात ठेवण्याजोगी आहेत, कारण अशा वेळी तीच येतात. तुमचे हेड प्रेशर टेस्टमध्ये तडकलेले निघाले, म्हणून मी पदरमोड करून दुसरे बसवले. एलडी२८ चा क्रँक तपासणीत नापास झाला, तुमचा खोळंबा नको म्हणून तुमचाच पॉलिश करून घातला. मग तडकलेले हेड कोठे आहे? भंगारात गेले. नापास क्रँक? ज्याचा होता त्याला परत दिला. मग बिलात तो लावला कसा? बिल आधी छापून ठेवलेले होते. प्रत्येक उत्तर एकेकटे ऐकले तर शक्य वाटते. पण प्रत्येक उत्तरात पुराव्याची वस्तू गायब आहे आणि पैसे मात्र जागच्या जागी आहेत.

म्हणून माझा आग्रह मोजमापाच्या वेळेबद्दल आहे. इंजिन बंद झाल्यानंतर मिळणारा कोणताही आकडा मांडून दाखवता येतो. उघड्या ब्लॉकवर समोर उभे राहून घेतलेला बोअर गेजचा आणि मायक्रोमीटरचा आकडा तसा मांडता येत नाही. रकमेचा मोठा हप्ता शॉर्ट ब्लॉक (क्रँक व पिस्टन बसवलेला ब्लॉक) हेडविना, उघडा असताना, माझ्यासमोर मोजल्यानंतरच दिला जाईल, असे कामाच्या कागदावर आधीच लिहावे, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग, नापास ठरलेला किंवा तडकलेला असला तरी, परत करण्याची अटही तेथेच घालावी. बेअरिंग आणि पिस्टन यांचे रिकामे खोके मागावेत, पण खोक्यावर विसंबू नये. शेलच्या पाठीवरचा व पिस्टनच्या माथ्यावरचा ठसा पाहावा. जो कारागीर खरोखर काम करतो त्याला हे दाखवण्यात अभिमान वाटतो, हे मला नंतर पाहायला मिळाले.

ब्लॉक आता ज्यांच्याकडे आहे त्यांनी मशीनला हात लावण्यापूर्वी अल्ट्रासॉनिक गेजने प्रत्येक सिलिंडरच्या भिंतीची जाडी वर, मध्ये व खाली, चारही बाजूंनी मोजून तक्ता माझ्या हाती दिला आणि ८९ ला तो पुरेसा असल्याचे सांगितले. ओव्हरसाइज पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग करणार नाही, कारण अखेरचे होनिंग पिस्टनच्या प्रत्यक्ष मापावर करायचे असते, असेही त्यांनी स्वतःहून बजावले. खऱ्या एलडी२८ क्रँकचा शोध चालू आहे. आधीच्या माणसाने इंजिन त्याच्याकडे परत आणल्यास राहिलेले काम पुरे करून देण्याची तयारी दाखवली होती. ती मी नाकारली. रकमेचा काही भाग परत आला आहे. एन४२ हेड आलेले नाही, आणि तक्रारीतील मागणी पैशाची नसून, मागच्या बाजूस ठिपके असलेल्या त्याच हेडची आहे.