पाण्याचे पैसे वाटायचे कसे? सोसायटीचा वाद आणि चार शहरांची उत्तरं

मेंटेनन्स, पार्किंग आणि लिफ्टवरून भांडून झालं की सर्वसाधारण सभेच्या शेवटच्या अर्ध्या तासात पाणी निघतं. ‘आम्ही दोघंच म्हातारी माणसं, वरच्यांकडे सात जण, आणि पैसे सारखेच?’ मग कुणी म्हणतं माणशी लावा, कुणी म्हणतं चौरस फुटावर लावा, आणि नुकताच फ्लॅट घेतलेला एखादा तरुण सभासद म्हणतो, सरळ मीटर बसवा ना प्रत्येकाला. मुंबईच्या उपनगरातल्या आमच्या 48 फ्लॅटच्या सोसायटीत तीन वर्षं खजिनदार म्हणून मी हे ऐकलंय. नंतर लक्षात आलं की यातला जवळपास प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या महानगराने स्वतःवर करून पाहिलेला आहे. तुमच्या सभेत हा विषय येणार असेल तर ती शहरं आधी बघून घ्या.

मुंबई: मीटर आहे, पण गेटपर्यंत

मुंबईत पाणी मोजून मिळतं. पालिकेचं मीटर गेटजवळच्या चेंबरमध्ये असतं. झाकण उचललं की आधी झुरळं, मग चिखल, मग मीटरची धुरकट काच. ती पुसून आकडा वाचायचा. एक युनिट म्हणजे 1000 लिटर, आणि 2022 च्या दरवाढीनंतर सोसायट्यांसाठी युनिटचा मूळ दर 6 रुपये 36 पैसे झाला. त्यावर 70 टक्के मलनिःसारण आकार, म्हणजे सांडपाण्याचे पैसे.

हा दर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. कुटुंबात पाच माणसं धरायची आणि माणशी रोज 150 लिटरपर्यंत मूळ दर लावायचा. 150 ते 200 ला दुप्पट, 250 पर्यंत तिप्पट, त्यापुढे चौपट. कागदावर हे छान दिसतं: उधळ्याला चाप, काटकसरीला सूट. पण मीटर एकच असल्यामुळे हिशोब अख्ख्या इमारतीच्या सरासरीचा होतो. सातव्या मजल्यावर बाथटब भरणारा आणि पहिल्या मजल्यावर बादलीने अंघोळ करणारी आजी, दोघांची बेरीज होऊन भागाकार होतो. चाप कुणालाच लागत नाही, कारण बिल बघतो फक्त खजिनदार.

आकडेही बघा. आमच्या 48 फ्लॅटनी 150 लिटरची पूर्ण मर्यादा वापरली तरी महिन्याला 1080 युनिटं होतात. पाण्याचे 6869 रुपये, वर 70 टक्के धरून 11,677. म्हणजे फ्लॅटमागे साधारण 243 रुपये. ज्यावरून दोन शेजारी वर्षभर बोलत नाहीत, ती भानगड महिन्याला अडीचशेच्या आतली आहे.

पुणे: घराच्या किमतीवर पाणी

पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकत कराच्या बिलातच येते. ती घराच्या करपात्र रकमेवर ठरते, वापरावर नाही. समान पाणीपुरवठा योजनेत लाखाहून जास्त मीटर बसले, तरी घरगुती पाणीपट्टी मिळकत कराच्या कागदावरच राहिली. हे सोसायटीतल्या ‘चौरस फुटावर लावा’चंच मोठं रूप. मोठ्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहणाऱ्या आजींनी जास्त भरायचं आणि छोट्या फ्लॅटमधल्या सहा जणांनी कमी. ऐपतीप्रमाणे कर म्हणून हे एक वेळ समजू शकतं. पण नळ बंद केल्याने एक रुपयाही वाचत नसेल तर त्याला पाण्याचं बिल कशाला म्हणायचं?

पद्धत सोपी आहे हे मात्र कबूल. रीडिंग नाही, वाद नाही, आणि वसुली मिळकत कराबरोबर होऊन जाते. खजिनदाराला याहून सुखाचं काही नसतं.

छत्रपती संभाजीनगर: नळाच्या जाडीवर

इथे अर्ध्या इंची घरगुती जोडणीला वर्षाची ठरावीक पाणीपट्टी असते. ती बरीच वर्षं 4050 रुपये होती, 2022 मध्ये निम्म्यावर आणून 2025 केली. नळाला पाणी अनेक दिवसांआड, पट्टी मात्र वर्षभराची. लोकांचा राग त्यावरच होता.

हसू नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही, म्हणजे नमुना नियमावलीतही, हेच तत्त्व आहे. पाण्याचा खर्च प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवर वाटायचा, असं तिथे लिहिलंय. म्हणजे बऱ्याच सोसायट्या ‘सगळ्यांना समान’ वाटतात तेव्हा त्या स्वतःच्याच उपविधींबाहेर असतात. दुसरी पद्धत हवी असेल तर नुसता ठराव करून भागत नाही, उपविधीत दुरुस्ती करून ती सहकार खात्याच्या निबंधकांकडे नोंदवून घ्यावी लागते. हा मुद्दा सभेत शेवटी काढण्यापेक्षा सुरुवातीलाच काढा, निम्मी मंडळी गप्प होतात.

दिल्ली: फुकट, आणि मग कडा

दिल्लीत मीटर असलेल्या घराला 2015 पासून महिन्याला 20 युनिटं मोफत आहेत. पण तो आकडा ओलांडला की सूट पूर्णच जाते आणि पहिल्या थेंबापासून पैसे लागतात. 2018 च्या दरांनी 21 युनिटांचा हिशोब करून बघा. पहिल्या वीसचे 5.27 ने 105 रुपये 40 पैसे, एकविसाव्याचे 26.36. यावर 60 टक्के सांडपाण्याचे, आणि 219.62 सेवा आकार. एकूण 430 रुपयांच्या वर. वीस युनिटांना शून्य, एकविसाला 430. तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडं आणि मीटर एकच असेल तर या कड्यावरून कोण कोणाला ढकलतंय ते कळायलाही मार्ग नाही. सोसायटीत ‘अमुक लिटरपर्यंत माफ’ असा उत्साही प्रस्ताव आला तर हे उदाहरण जरूर सांगा.

सांडपाणी कोण मोजतं?

कुणीच नाही. पाण्याच्या बिलाचा ठरावीक हिस्सा म्हणजे सांडपाण्याचं बिल. म्हणून पाण्याचं मीटर चुकलं की चूक मुंबईत 1.7 पट होऊन येते. उलट बोअर आणि टँकरचं पाणी पालिकेच्या मीटरमधून जातच नाही, गटारात मात्र जातं. बेंगळुरूने बोअरवाल्यांकडून त्यासाठी वेगळा आकार घ्यायची सोय केली आहे.

शब्दांचा गोंधळ तर विचारू नका. मुंबईत ‘जल आकार’ येतो पाण्याच्या बिलात. ‘जल लाभ कर’ येतो मालमत्ता कराच्या बिलात. तेच मलनिःसारणाचं. आकार म्हणजे वापराचे पैसे, लाभ कर म्हणजे जलवाहिन्यांची सोय केल्याचे. दर सभेत एक तरी सभासद दोन्ही कागद फडकावून ‘दोनदा घेतात’ म्हणतो. त्याची चूक नाही. त्याला समजेल असं एक वाक्य त्या बिलांवर कुणी छापलेलंच नाही.

मग मीटर बसवायचे का?

टँकर लागत नसेल तर माझं मत: नको. जुन्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराला एक, बाथरूमला दुसरी आणि फ्लशला तिसरी लाइन उतरते. एका फ्लॅटला एक मीटर पुरत नाही, तीन लागतात. वरच्या मजल्यावर दाब कमी, आणि बारीक धार साधं मीटर धड मोजतही नाही. महिन्याच्या अडीचशे रुपयांसाठी एवढा खटाटोप नको. उपविधीप्रमाणे नळजोडांवर वाटा आणि मोकळे व्हा.

टँकर येत असेल तर गणित उलटतं. पालिकेचं 10,000 लिटर पाणी मलनिःसारणासकट 108 रुपयांना पडतं, तेवढ्याच टँकरला चार आकडी रक्कम जाते. तिथे मीटर बसवाच, पण सगळी रक्कम लिटरवर टाकू नका. पंपाची वीज, टाकीची सफाई आणि गळती हा खर्च समान ठेवा, बाकीचा मीटरप्रमाणे. मुख्य मीटर आणि फ्लॅटच्या मीटरांची बेरीज कधीच जुळणार नाही, तो फरक कोण भरणार ते आधीच ठरवा. आणि मेंटेनन्सच्या पावतीवर रुपयांशेजारी लिटरही छापा, मागच्या महिन्याच्या आकड्यासकट.

पण यातलं काहीही करायच्या आधी एक रात्र जागा. रात्री एक वाजता पंप बंद करून गच्चीच्या टाकीत काठी बुडवा, पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करा आणि चार वाजता पुन्हा बघा. आमची टाकी आतून तीन बाय चार मीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की 120 लिटर गेले. सगळी इमारत झोपलेली असताना तीन तासांत ती 11 सेंटिमीटर उतरली. दुसऱ्या दिवशी प्लंबरला घेऊन दारोदार फिरलो, तेव्हा नऊ फ्लश गळताना सापडले. त्यातला एक माझ्याच घरचा.